बोनाफाईड, अनामत आणि पहिले ख्रिस्ती

परवा भाच्याच्या फॉर्मसाठी शाळेतून बोनाफाईड आणायला गेलो होतो. क्लार्क बाईंनी रजिस्टर काढलं, नाव शोधलं, सही-शिक्का केला आणि कागद हातात दिला. पोरगा समोरच उभा होता, त्याच शाळेच्या गणवेशात. पण तो त्या शाळेचा आहे हे सांगायला कागद लागतोच.

येताना त्याने विचारलं, "मामा, बोनाफाईड म्हणजे काय?" म्हटलं, लॅटिन शब्द आहे. बोना म्हणजे चांगली, आणि फिदे म्हणजे... इथे अडकलो. डिक्शनरीत 'श्रद्धा' सापडेल. पण "चांगल्या श्रद्धेने दिलेला दाखला" असं कोण म्हणतं? मग विश्वास? भरवसा? इमान? पत? दिलेला शब्द? प्रत्येक अर्थ थोडा बरोबर, पुरता एकही नाही.

ज्या शब्दावर मी अडकलो तो 'फिदेस' आणि त्याचा ग्रीक जोडीदार 'पिस्तिस', हे ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या चारशे वर्षांतले सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत. नवा करार ग्रीकमध्ये लिहिला गेला, त्यात पिस्तिस पानोपानी येतो. मराठी बायबलात त्याला 'विश्वास' म्हणतात, गोव्याच्या चर्चमधल्या कोकणीत 'भावार्थ'. आज कुणी विचारलं, "तुमचा विश्वास आहे का?" तर आपण अर्थ घेतो, देव आहे असं तुम्ही मानता का. पहिल्या शतकातल्या माणसाला मात्र हा शब्द ऐकून आधी बाजार, उधारी, शपथ, सैन्य आणि ठेव आठवली असती. आजची पोस्ट त्याबद्दल. लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी रोमन लोकांचं बघू. रोममध्ये फिदेस ही चक्क देवी होती. कॅपिटोलाईन टेकडीवर तिचं देऊळ होतं. नाण्यांवर तिची खूण म्हणजे एकमेकांत गुंफलेले दोन उजवे हात. हातात हात दिला की शब्द दिला. हरलेलं शहर शरण यायचं तेव्हा ते रोमच्या 'फिदेस'मध्ये आलं असं म्हणत. म्हणजे आता आमचं बरंवाईट तुमच्या हाती, आणि तुम्ही त्याला जागाल असा भरवसा. ग्रीकमध्ये पिस्तिसचे अर्थ आणखी पसरलेले. भरवसा, भरवशाचा स्वभाव, तारण, हमी, आणि भाषणकलेत तर 'पुरावा' किंवा पटवण्याचं साधन. ॲरिस्टॉटलने वक्तृत्वावर लिहिताना तो शब्द असाच वापरला आहे. डोळे मिटून मानायची गोष्ट असा अर्थ त्यात नव्हता.

यातली मुख्य गोष्ट अशी की हा शब्द दोन्ही बाजूंनी चालतो. मी तुमच्यावर ठेवतो तो विश्वास म्हणजे पिस्तिस, आणि तुम्ही त्या विश्वासाला जागता तो विश्वासूपणाही पिस्तिसच. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळचा शब्द 'इमान'. आणि यात एक गंमत आहे. येशू आणि त्याचे पहिले शिष्य ज्यू होते. त्यांच्या हिब्रू धर्मग्रंथात यासाठी 'एमुना' हा शब्द येतो, अर्थ पक्केपणा, टिकाऊपणा, शब्दाला जागणं. प्रार्थनेच्या शेवटचं 'आमेन' त्याच धातूतलं. अरबीतले इमान आणि अमानत हेही त्याच सेमिटिक कुळातले. अमानत म्हणजे ठेव. मराठीत तिची अक्षरं उलटसुलट होऊन झाली 'अनामत'. निवडणुकीत उमेदवाराची जप्त होते तीच. म्हणजे इमान, आमेन आणि अनामत एकाच घरातली भावंडं आहेत.

हे मनात ठेवून पौलाकडे जाऊ. नव्या करारातलं सगळ्यात जुनं लिखाण म्हणजे त्याची पत्रं. थेस्सलनीका शहरातल्या छोट्या गटाला त्याने लिहिलेलं पहिलं पत्र साधारण इ.स. ५० चं. पौलाला ते शहर घाईने सोडावं लागलं होतं. मागे राहिलेल्यांवर संकट आलेलं. त्याला राहवेना, म्हणून त्याने तीमथ्याला पाठवलं, त्यांच्या पिस्तिसची खबर आणायला. आता विचार करा, तीमथ्य काय बघायला गेला असेल? धड्यांची परीक्षा घ्यायला नक्कीच नाही. माणसं टिकून आहेत का, एकमेकांना धरून आहेत का, ज्याच्यावर भरवसा टाकला त्याला सोडून तर गेली नाहीत ना, हे बघायला. तो चांगली बातमी घेऊन परत आला तेव्हा पौलाला जीवात जीव आल्यासारखं झालं, हे त्याच्या ओळींतून दिसतं.

याच पौलाने जेरुसलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा केली होती. करिंथकरांना तो लिहितो की पैसे घेऊन जाणारी माणसं तुम्हीच पसंत करा. दुसऱ्या पत्रात सांगतो की एवढी मोठी रक्कम हाताळताना कुणाला बोट ठेवायला जागा नको, देवापुढेही आणि माणसांपुढेही. वर्गणीचा हिशोब हा त्याच्यासाठी विश्वासाचाच भाग होता. कारभाऱ्याच्या अंगी एकच गोष्ट बघतात, तो 'पिस्तोस' म्हणजे विश्वासू आहे का, हेही त्यानेच लिहिलं आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांच्या श्रद्धेत 'काय मानायचं' हा भाग नव्हता असं नाही. येशू मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, हे सूत्र पौलाला आधीच्यांकडून मिळालं होतं आणि त्याने ते पुढे दिलं. पण हे मानणं एका नात्याच्या आत होतं. याकोबाच्या पत्रात तर खवचटपणे म्हटलंय की देव एक आहे हे भुतंही मानतात, आणि मानून थरथरतात. नुसतं मानून कुणी भला होत नाही. टेरेसा मॉर्गन या इतिहासकार बाईंनी २०१५ मध्ये याच शब्दावर एक जाडजूड ग्रंथ लिहिला. रोमन जगातले लोक फिदेस आणि पिस्तिस रोजच्या व्यवहारात कसे वापरत आणि ख्रिस्ती लोकांनी तोच शब्द कसा उचलला, हे त्यात तपशीलवार आहे.

आता एक परकी साक्ष. साक्षीदार विरोधी पक्षातला आहे, म्हणून जास्त मोलाचा.

साधारण इ.स. ११२. आजच्या तुर्कस्तानच्या उत्तर किनाऱ्यावरचा बिथिनिया-पोन्टस प्रांत. गव्हर्नर प्लिनी. कामसू माणूस, आणि प्रत्येक बारीकसारीक गोष्ट सम्राट ट्रेजनला पत्राने विचारणारा. निकोमेडिया शहरात मोठी आग लागली तेव्हा त्याने विचारलं, दीडशे माणसांचं अग्निशमन दल काढू का? सम्राटाने नाही म्हटलं. का? तर लोक कुठल्याही कारणाने एकत्र आले तरी थोड्याच दिवसांत त्याची राजकीय टोळी होते! म्हणजे घर जळालं तर चालेल, पण चार माणसं एकत्र यायला नकोत. सरकारचा लोकांवर भरवसा किती, ते यावरून कळतं.

अशा प्रांतात प्लिनीपुढे ख्रिस्ती लोकांचे खटले आले. ख्रिस्ती आहेस का, असं तो तीनदा विचारायचा, शिक्षेची धमकी द्यायचा, आणि तरी अडून राहणाऱ्याला मारून टाकायचा हुकूम द्यायचा. रोमन नागरिक असेल तर रोमला पाठवायचा. नंतर एक निनावी यादी आली, त्यात बरीच नावं. काहींनी सांगितलं, आम्ही पूर्वी होतो, आता सोडलं. त्यांच्याकडून त्याने माहिती काढली. दोन दासींना, ज्यांना त्या गटात सेविकेचं पद होतं, छळ करून विचारलं. कटकारस्थान सापडेल अशी त्याची अपेक्षा होती.

सापडलं काय? हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे उजाडण्याआधी जमतात. ख्रिस्ताला देव मानून गाणं म्हणतात. आणि शपथ घेतात. कसली? चोरी करणार नाही, लूटमार करणार नाही, व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, आणि कुणी ठेवलेली ठेव परत मागितली तर नाकारणार नाही. मग पांगतात, आणि नंतर साधं जेवण जेवायला पुन्हा एकत्र येतात. बस्स.

शेवटची दोन कलमं परत वाचा. फिदेस मोडणार नाही. अनामत बुडवणार नाही.

ठेवीचं कलम शपथेत का आलं असावं? त्या काळी ठेव हा सामान्य माणसाचा जीव होता. आजच्यासारखी बँक नाही, पावती नाही. प्रवासाला निघालात, तर दागिने-पैसे ओळखीच्या माणसाकडे किंवा देवळात ठेवायचे. सांभाळणाऱ्याला त्याचा मोबदला नाही, सगळं विश्वासावर. आणि त्याने "कुठली ठेव?" म्हणून हात वर केले की तुम्ही संपलात. रोमन कायद्यातही ठेव बुडवणाऱ्यावर खटला सिद्ध झाला तर त्याची कायदेशीर बदनामी व्हायची, काही नागरी हक्क जायचे. आग, इमारत कोसळणं, दंगल, जहाज फुटणं अशा वेळी नाइलाजाने ठेवलेली ठेव नाकारली तर दुप्पट भरपाई. कायदा होता, पण कोर्टाची पायरी विधवेला आणि गुलामाला कुठे परवडणार? त्यांना शपथ घेतलेला शेजारी जास्त कामाचा.

गंमत म्हणजे नव्या करारात पौलाच्या नावावर असलेल्या तीमथ्याच्या पत्रांमध्ये शिकवणुकीसाठीच 'ठेव' हा शब्द वापरला आहे. व्यवहारातला, कायद्यातला शब्द. तुझ्याकडे जे सोपवलंय ते सांभाळ. म्हणजे ज्याला आपण धर्माचा सिद्धांत म्हणतो, तोही त्यांना सांभाळून जसाच्या तसा पुढे द्यायच्या अनामतीसारखा वाटत होता.

ट्रेजनचं उत्तर छोटं आहे. यांना शोधत फिरू नका. कुणी आरोप करून सिद्ध केला तर शिक्षा करा, पण जो आपल्या देवांची पूजा करून दाखवेल त्याला सोडा. आणि निनावी तक्रारींना अजिबात थारा देऊ नका, असला पायंडा वाईट आणि आपल्या काळाला न शोभणारा. एकोणीसशे वर्षांनंतरही ही शेवटची ओळ भिंतीवर लावण्यासारखी आहे.

एवढं छान होतं तर सगळे साधुसंतच होते का? अजिबात नाही. जिथे विश्वास जास्त, तिथे ठग आधी पोचतो. दुसऱ्या शतकातला विनोदी लेखक लुसियन पेरेग्रिनस नावाच्या बुवाची गोष्ट सांगतो. हा ख्रिस्ती गटात शिरला, मोठा झाला, तुरुंगात गेला. मग काय, पहाटेपासून तुरुंगाबाहेर म्हाताऱ्या विधवा आणि अनाथ पोरं, आत जेवणाची ताटं, लांबच्या शहरांतून माणसं आणि पैसे. लुसियन टोमणा मारतो की हे लोक एकमेकांना भाऊ मानतात, त्यामुळे कुणी चलाख माणूस आला तर बघता बघता श्रीमंत होईल.

हे त्यांनाही कळत होतं. 'दिदाखे' नावाची एक जुनी नियमपुस्तिका आहे, तिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. त्यात फिरत्या उपदेशकांसाठी नियम आहे. एक दिवस राहू द्या, गरज असेल तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा. निघताना भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. मुक्कामच करायचा असेल तर कामाला लागू दे. आंधळा विश्वास म्हणून ज्यांची टिंगल झाली, त्यांच्याकडे पाहुणा ओळखायची कसोटी तयार होती.

आणि रोममध्ये तर बँकच बुडाली! दुसऱ्या शतकाच्या अखेरची गोष्ट. कर्पोफोरस नावाच्या ख्रिस्ती माणसाने आपला गुलाम कॅलिस्टस याला भांडवल देऊन पेढी काढून दिली. मालकाच्या नावावर भरवसा ठेवून ख्रिस्ती बांधवांनी आणि विधवांनी तिथे पैसे ठेवले. पैसे गेले. कॅलिस्टस बंदरावर पळाला, जहाजावर चढला, मालक येताना दिसला तशी समुद्रात उडी टाकली. बाहेर काढून त्याला दळणाच्या चक्कीला जुंपलं. पुढे दुसऱ्या एका भानगडीत सार्डिनियाच्या खाणीत पाठवलं. तिथून सुटला. आणि साधारण इ.स. २१७ मध्ये हाच कॅलिस्टस रोमचा बिशप झाला. आज कॅथलिक चर्चच्या पोपांच्या यादीत त्याचं नाव आहे, रोममधल्या प्रसिद्ध भुयारी स्मशानालाही त्याचंच नाव आहे.

ही कहाणी त्याच्या कट्टर विरोधकाने लिहिलेली आहे, त्यामुळे तिखटमीठ भरपूर. विरोधकाचा मुख्य राग असा की कॅलिस्टस बिशप झाल्यावर मोठी पापं केलेल्यांनाही परत पदरात घेऊ लागला. विश्वास एकदा मोडला की पुन्हा जोडता येतो का, हा वाद तिथे पेटला. ज्याच्या हातून विधवांची ठेव बुडाली होती, तो माणूस 'जोडता येतो' या बाजूला उभा होता. त्याची सोय म्हणायची की अनुभव, तुम्हीच ठरवा.

तीस-पस्तीस वर्षांत या प्रश्नाने सगळ्या चर्चला घेरलं. इ.स. २५० च्या सुमारास सम्राट डेसियसने फर्मान काढलं की साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा, आणि दिल्याचा दाखला घ्यायचा. साक्षीदार, सही, तारीख. इजिप्तच्या वाळूत असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. हे त्या काळचं निष्ठेचं बोनाफाईड! काहींनी नकार देऊन जीव दिला. पुष्कळांनी बळी दिला. काहींनी बळी न देताच पैसे चारून दाखला मिळवला. संकट टळल्यावर हे सगळे रडत परत आले. आता यांचं काय करायचं? रोममध्ये नोव्हेशियन म्हणाला, यांना चर्चमध्ये परत घेणं नाही. कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणाला, प्रायश्चित्त घ्यायला लावा, पण दार बंद करू नका. त्यावरून फूट पडली. या भांडणात सिद्धांताचा मुद्दा जवळजवळ नव्हता. मुद्दा एकच, ज्याने शब्द मोडला त्याच्याबरोबर परत एका ताटात जेवायचं का.

आंधळेपणाच्या आरोपालाही याच सुमारास उत्तर मिळालं. केल्सस नावाच्या विद्वानाने बऱ्याच आधी लिहिलं होतं की हे लोक तपासू नका, नुसतं माना असं सांगतात. ओरिजेनने साधारण २४८ मध्ये त्याला उत्तर दिलं. भरवसा टाकल्याशिवाय कोण जगतं? माणूस समुद्रावर जातो, लग्न करतो, शेतात बी टाकतो, ते काय शेवट काय होणार याचा पुरावा हातात घेऊन? पेरणी करून आभाळाकडे बघणाऱ्याला हे वेगळं समजवावं लागणार नाही.

आता शेवटचा टप्पा. प्लिनीच्या प्रांतात नायसिया नावाचं एक शहर होतं. तिथलं नाट्यगृह कोटभर सेस्टर्स खर्चूनही अर्धवट आणि वर खचतंय, अशी तक्रार त्याने ट्रेजनकडे केली होती. त्याच शहरात इ.स. ३२५ मध्ये, म्हणजे दोनशे तेरा वर्षांनी, सम्राट कॉन्स्टंटाईनने बिशपांची परिषद भरवली. एरियसच्या मताचा निकाल लावायचा होता, की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा की निर्माण केलेला. तिथे मतपत्र ठरलं. त्याचा पहिला शब्द पिस्तिसच्याच कुळातला, 'आम्ही विश्वास ठेवतो' या अर्थाचा. बिशपांच्या सह्या घेतल्या. लिबियाच्या दोन बिशपांनी नकार दिला, त्यांना एरियसबरोबर हद्दपार केलं.

त्या मतपत्रात जुना अर्थ मेला असं मी म्हणणार नाही. बाप्तिस्म्याच्या वेळी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नोत्तरांतून अशी वाक्यं वाढली, आणि ती एखाद्या गोष्टीबद्दल नव्हे, कुणावर तरी टाकलेल्या भरवशाची वाक्यं आहेत. रविवारी चर्चमध्ये ती म्हणणारी आजी अजूनही त्याच अर्थाने म्हणत असेल. पण एक गोष्ट बदलली. शब्दाची एक बाजू आता कागदावर आली, आणि कागद सरकारला वाचता येतो. इ.स. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसच्या काळातल्या फर्मानाने ठरवलं की अमुक श्रद्धा मानणारेच खरे ख्रिस्ती, बाकीचे पाखंडी, आणि त्यांना देवाबरोबर सम्राटही शिक्षा करणार. डेसियसच्या दाखल्यानंतर एकशे तीस वर्षांत तपासणारा बदलला, तपासणी राहिली.

मला या इतिहासातून एवढंच कळतं. माणूस काय मानतो हे सरकारला, समाजाला, शेजाऱ्याला विचारता येतं, वदवून घेता येतं, लिहूनही घेता येतं. भीतीने माणूस सही करतो. तो ठेव परत करेल का, हे मात्र कुठल्याच सहीतून कळत नाही. ते ठेव मागायच्या दिवशी कळतं. प्लिनीने छळ करून जी माहिती मिळवली तिच्यात हेच होतं, पण त्याने ती बाजूला सारली आणि याला हट्टी अंधश्रद्धा म्हणून टाकलं. त्याचा प्रश्नच वेगळा होता: पुतळ्यापुढे धूप जाळतोस की नाही? आपणही आज कुणाला जोखताना पहिल्यांदा कुठला प्रश्न विचारतो, ते जरा आठवून बघा. घोषणा देतो का, की घेतलेलं परत देतो?

भाच्याला शेवटी सांगितलं, बोनाफाईड म्हणजे 'इमानाने'. तो म्हणाला, "मग शिक्का कशाला लागतो?"

मला उत्तर सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर खाली लिहा. आणि तुमच्या घरात कुणी कागद नसताना सांभाळलेली, आणि परत केलेली ठेवीची गोष्ट असेल तर तीही लिहा. वाचायला आवडेल.